प्रत्येक ‘पित्त’ ॲसिडिटीचे नसते

‘पित्त झालंय’ या दोन शब्दांत आपल्याकडे निदान तीन आजार मावतात. छातीत जळजळले, आंबट ढेकर आले तरी पित्त. अंगावर खाजऱ्या गांधी उठल्या तरी पित्त. आणि उजव्या बरगडीखाली कळ येऊन उलटी झाली तरी पित्तच. यातल्या तिसऱ्या दुखण्यामागे पुष्कळदा पित्ताशयातले खडे असतात आणि ते ॲसिडिटीच्या गोळीने जात नाहीत.

भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात हा गोंधळ महागात पडतो. इथे पाळी बारा तासांची असते आणि खाडा पडला की मजुरी बुडते. त्यामुळे पोट दुखले की मेडिकलमधून गोळी घ्यायची, फारच झाले तर एक इंजेक्शन घ्यायचे आणि पुन्हा मागावर उभे राहायचे. दुखणे काही तासांत थांबते, म्हणून ते बरे झाले असे वाटते. खरे तर पित्ताशयाच्या तोंडाशी अडकलेला खडा तेवढ्यापुरता मागे सरकलेला असतो.

पित्ताशय ही यकृताच्या खाली असलेली छोटी पिशवी. यकृतात तयार होणारे पित्त ती साठवते, घट्ट करते आणि तेलकट-तुपकट खाल्ले की आकुंचन पावून आतड्यात सोडते. पित्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढले किंवा पिशवी नीट रिकामी झाली नाही, की खडे धरतात. बायकांमध्ये, विशेषतः बाळंतपणानंतर, हे प्रमाण जास्त असते. लठ्ठपणा, मधुमेह आणि झपाट्याने वजन उतरवणे हीही कारणे आहेत. सिकलसेलच्या रुग्णांत तांबड्या पेशी जास्त फुटत असल्याने तरुण वयातच काळे खडे होऊ शकतात.

या दुखण्याची खूण ओळखता येते. जेवणानंतर, बहुधा रात्री, पोटाच्या वरच्या भागात कळ सुरू होते, ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते आणि अर्ध्या तासापासून काही तास टिकते. मात्र हृदयविकाराचे दुखणेही कधी कधी पोटाच्या वरच्या भागातच जाणवते. म्हणून चाळिशीपुढच्या माणसाने ईसीजी टाळू नये. खड्यांसाठी सर्वांत उपयोगी तपासणी म्हणजे सोनोग्राफी. ती सहा ते आठ तास उपाशीपोटी करावी, म्हणजे पित्ताशय भरलेले दिसते.

सोनोग्राफीत खडे दिसले म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे नाही. बहुतेकांचे खडे आयुष्यभर मुके राहतात. त्यांना सहसा फक्त लक्ष ठेवावे लागते. मात्र एकदा कळ येऊन गेली की ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते. खडा मुख्य पित्तनलिकेत उतरला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेतू शकते. ताप व थंडी, डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे किंवा पाच-सहा तासांनंतरही न थांबणारे दुखणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नलिकेतला खडा आधी दुर्बिणीने काढावा लागतो.

मूतखडा लघवीवाटे पडतो, तसा हा खडा पडत नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन शौचावाटे जे हिरवट गोळे पडतात, ते बहुधा तेलापासूनच तयार झालेले असतात. खडे विरघळवणारी गोळी मोजक्याच रुग्णांत, महिनोन्महिने घेतल्यावर काम करते आणि बंद केल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. म्हणून त्रास देणारे पित्ताशयच काढतात. ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा 1882 मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी केली. भारतात ती दुर्बिणीतून प्रथम झाली 1990 मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहमटन उडवाडिया यांच्या हातून. मोठ्या छेदाऐवजी चार छोटी छिद्रे पुरू लागल्याने रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. पित्ताशय काढल्यावर पित्त यकृतातून थेट आतड्यात येते. काहींना थोडे दिवस पातळ शौचास होते, पण पचन चालू राहते.

काढलेले पित्ताशय तपासणीला पाठवायला विसरू नये. पित्ताशयाचा कर्करोग गंगेच्या खोऱ्यात जास्त आढळतो, आणि भिवंडीतले कितीतरी कामगार उत्तर प्रदेश-बिहारमधलेच आहेत. भूक मंदावणे, वजन घटणे आणि कावीळ ही लक्षणे एकत्र दिसली तर गावी जाऊन दाखवू, असे म्हणत थांबू नये.

खर्चाची धास्ती असेल तर आधी इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ कुठे मिळेल, हे योजनेतल्या रुग्णालयांत बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे. त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड जवळ ठेवावे. ठरवून केलेली शस्त्रक्रिया काही दिवसांची मजुरी घेते. पू झाल्यावर किंवा स्वादुपिंड सुजल्यावर करावी लागणारी धावपळ घरातले बरेच काही घेऊन जाते.