नितळ पाण्यातील औषधाची मात्रा

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, झरी जामणी, मारेगाव या तालुक्यांतील कित्येक गावांत हातपंपाचे पाणी पेल्यात धरले, तर त्यात दोष काढावयास जागा सापडत नाही. ते नितळ असते, त्याला वास नसतो, चवही वाईट नसते. तरीही हेच पाणी पिऊन वाढलेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटले आणि ऐन उमेदीतल्या माणसांचे सांधे आखडू लागले. पाण्यातील फ्लोराइडचा हा प्रताप होता. उघड्या विहिरींतील पटकी आणि नारू यांचे भय टळावे म्हणून १९७२च्या दुष्काळानंतर राज्यात गावोगाव विंधनविहिरी खोदल्या गेल्या. त्यांनी ते भय बरेचसे दूर केले. पण खडकाच्या पोटातले दुसरे दुखणे वर आणले. पांढरकवडा परिसरातील भूजलाच्या फ्लोराइडवर शास्त्रीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध झाला तो २००७ साली. तोवर एक पिढी ते पाणी पिऊन मोठी झाली होती.

या अनुभवाचा अर्थ स्पष्ट आहे. पाण्याची तपासणी करताना ज्याचा शोध घ्यावा, तेच सापडते. ज्याचा शोध घेतला जात नाही, ते वर्षानुवर्षे पोटात जात राहते. हाच न्याय आज औषधांच्या अंशांना लावून पाहण्याची वेळ आली आहे.

माणसाने घेतलेले औषध शरीरात पूर्णपणे विरघळून नाहीसे होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध जवळजवळ जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. अमॉक्सिसिलिन या नित्याच्या प्रतिजैविकाचाही मोठा भाग तसाच बाहेर जातो. तेथून संडासाची टाकी, टाकीतून शोषखड्डा किंवा नाली, नालीतून नाला आणि नाल्यातून नदी, असा त्याचा प्रवास होतो. रुग्णालयांचे सांडपाणी, गुरांना दिलेली औषधे, मुदत संपल्यावर मोरीत ओतलेल्या बाटल्या यांची त्यात भर पडते. औषध रोग्यापुरते मर्यादित राहत नाही, याचा एक दाखला तर देशाच्या डोळ्यांसमोर घडला. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे, त्या गुरांची कलेवरे खाणारी गिधाडे जवळजवळ नामशेष झाली. त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६मध्ये बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता.

नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी पाण्यातील गाळ खाली बसवते, वाळूचा थर ते गाळतो आणि क्लोरीन जंतू मारते. खेड्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो. गढूळपणा आणि जंतू या दोन शत्रूंसाठी ही व्यवस्था उभी राहिली आणि तिने असंख्य जीव वाचविले आहेत. परंतु पाण्यात विरघळलेली औषधे काढून टाकण्यासाठी ती निर्माण झालेली नाही. ते काम ओझोन किंवा सक्रिय कोळसा करू शकतो; मात्र तो खर्च लहान नगरपालिकांना पेलणारा नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची मर्यादा आहे, नायट्रेटची आहे, कीटकनाशकांचीही आहे. औषधांच्या अंशांसाठी एकही रकाना नाही.

हा प्रश्न एकट्या भारताचा नव्हे. बर्लिन शहराच्या नळाच्या पाण्यात रक्तातील चरबी कमी करणाऱ्या औषधाचा अंश १९९०च्या दशकाच्या प्रारंभीच आढळला होता. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १०४ देशांतील २५८ नद्या तपासण्यात आल्या, आणि औषधांचा शिरकाव जगाच्या सर्व खंडांत झाल्याचे दिसून आले.

मग नळाचे पाणी पिणे म्हणजे नकळत औषध घेणे होय काय? येथे भीतीला आवर घालणे अगत्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२मध्ये या प्रश्नाचा सविस्तर आढावा घेतला. शुद्ध केलेल्या पाण्यात आढळणाऱ्या औषधांचे प्रमाण बहुधा लिटरमागे ०.०५ मायक्रोग्रॅमहूनही कमी असते, आणि इतक्या अल्प अंशाने माणसाला थेट अपाय होण्याचा संभव फारच थोडा, असा तिचा निष्कर्ष होता. हिशेबच मांडायचा, तर या प्रमाणात ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पोटात जाण्यासाठी एक कोटी लिटर पाणी प्यावे लागेल. रोज दोन लिटर पिणाऱ्याला तेरा हजारांहून अधिक वर्षे लागतील.

परंतु हा हिशेब माणसाच्या शरीराचा झाला. पाण्यातील जंतूंचा हिशेब वेगळा आहे. प्रतिजैविकाची मारक मात्रा जंतूला संपविते. अपुरी मात्रा मात्र दुर्बळ जंतू मागे पाडून चिवट जंतूंना वाढू देते. ज्या पाण्यात असे अंश सतत येत राहतात, तेथे औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची जणू तालीमच चालते. दिल्लीत केलेल्या आणि २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, अत्यंत प्रभावी प्रतिजैविकांनाही निष्प्रभ करणारे एनडीएम-१ हे जनुक नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत आणि रस्त्यांवर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत सापडले. हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन असल्याचे २००७मध्ये उघड झाले. रुग्णाच्या रक्तात असते त्याहूनही हे प्रमाण अधिक होते. तरीही कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा केंद्राचा २०२०चा मसुदा २०२१मध्ये अंतिम झाला, तेव्हा नेमक्या त्या मर्यादाच त्यातून वगळण्यात आल्या. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे. ज्या शेतमजुराच्या जखमेवर साधी गोळी चालेनाशी होते, त्याला महागडी इंजेक्शने परवडणार कोठून?

यवतमाळ म्हणजे पाटनचेरू नव्हे. येथे औषध कारखान्यांची वसाहत नाही. मात्र वैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्यांच्या गावी दवाखाने आहेत, आणि घरोघरी संडासाच्या टाकीपासून हाकेच्या अंतरावर विंधनविहीर आहे. शिवाय पाण्याचे दुर्भिक्ष आहे. यवतमाळ शहराला पाणी पुरविणारी निळोणा आणि चापडोह ही धरणे २०१८च्या उन्हाळ्यात आटली, तेव्हाची वणवण नागरिक विसरलेले नाहीत. नदीला पाणी असते तेव्हा घाण विरळ होते. उन्हाळ्यात नाल्यांतून सांडपाणीच तेवढे वाहते, आणि पात्रात झिरा खणून पाणी भरणाऱ्यांच्या घागरीत तेच झिरपते.

उपाय योजताना क्रम चुकता कामा नये. पहिला मान फ्लोराइडचा. नव्या धोक्याच्या चर्चेत जुना, सिद्ध झालेला धोका झाकोळून जाऊ नये. फ्लोराइड उकळून जात नाही; त्यासाठी पर्यायी पाणी हवे, अथवा नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीसारखी प्रक्रिया नेटाने चालवावयास हवी. उकळणे आणि टीसीएल यांचे महत्त्वही त्यामुळे कमी होत नाही. जंतूंसाठी ते आवश्यकच आहेत.

औषधांच्या बाबतीत मात्र पाणी नळाला येण्यापूर्वीच अटकाव करणे स्वस्त आणि शहाणपणाचे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम रुग्णालयांना सांडपाण्यावर प्रक्रिया करण्यास बांधून घालतात. त्यांची अंमलबजावणी कागदावर राहू नये. साध्या सर्दीसाठी चिठ्ठीवाचून प्रतिजैविक देणारा दुकानदार आणि दोन दिवसांत बरे वाटताच डॉक्टरांना न विचारता ते सोडून देणारा रोगी, दोघांनीही पाकिटावरील तांबडी रेघ ओळखावी. उरलेली औषधे मोरीत न टाकता परत घेण्याची व्यवस्था केरळात सुरू झाली आहे. यवतमाळच्या औषध विक्रेत्यांनी ती अंगीकारण्यास कोणाची आडकाठी आहे? आणि रुग्णालयाचा नाला, शहराखालची नदी व पाणी उचलण्याची जागा अशा मोजक्या ठिकाणचे नमुने उन्हाळ्यात व पावसाळ्यात तपासले, तर पुढच्या निर्णयांना आधार मिळेल. 'नीरी'सारखी संस्था शेजारच्या नागपुरात असताना हे अशक्य नाही.

२०१७च्या हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीने या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व मजुरांचा बळी घेतला, तेव्हा कोठे फवारणीच्या विषांची चौकशी सुरू झाली. दात डागाळल्यावर पाणी तपासायचे आणि माणसे दगावल्यावर विष, हा क्रम दोनदा घडून गेला आहे. तिसऱ्यांदा तरी तपासणी आधी व्हावी, एवढी अपेक्षा या जिल्ह्याने आपल्या नगरपालिकांकडून आणि जिल्हा परिषदेकडून करणे मुळीच अवाजवी ठरणार नाही.