नॅस्टर्शियमचे लाड कमी करा

सिडनीतल्या बाल्कनीत नॅस्टर्शियम लावलंय, पानं भरघोस आहेत, पण फुलं नाहीत? मग बहुतेक खत जास्त होतंय. नायट्रोजन भरपूर मिळाला की हे झाड पानंच वाढवत बसतं आणि फुलं मागे पडतात. ऑस्ट्रेलियात मिळणाऱ्या ‘प्रीमियम’ पॉटिंग मिक्समध्ये खत आधीच असतं, त्यामुळे सुरुवातीला वेगळं काही घालू नका. बागेतल्या साध्या मातीत तर त्याची गरजच नसते. पुढे कुंडीतलं झाड मलूल वाटलं, तर पोटॅश जास्त असलेलं द्रवखत अर्ध्या प्रमाणात द्या.

पाण्याचं मात्र तसं नाही. जमिनीत रुजलेलं झाड थोडी कोरड सहन करतं. कुंडी उन्हाळ्यात पटकन सुकते. बोट पेरभर मातीत घाला. कोरडं लागलं, तर खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी द्या. पण थेट मुळाशी, कारण या पानांवरून पाणी अळवासारखंच घरंगळतं. मिक्स पार वाळलं, तर तेही पाणी शोषत नाही. मग कुंडी अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा.

एक जबाबदारीही आहे. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं हे झाड इथल्या बुशलँडमध्ये तण म्हणून पसरतं. म्हणून छाटलेल्या वेली ओढ्याकाठी टाकू नका. फवारणी केली नसेल, तर कोवळी पानं कोशिंबिरीत घाला: त्यांचा झणका मोहरीच्याच जातीचा आहे.