भोवत्याचे छायाचित्र आणि अंतराचे गणित

शिकारी पक्ष्याचे छायाचित्र काढून आणावे आणि त्यात नुसता काळा ठिपका दिसावा, हा अनुभव बहुतेक हौशी मंडळींना येतो. दोष कॅमेऱ्याचा नसतो. दहावीच्या मुलांना आपण भिंगे शिकवतो, तेच येथे लागू पडते. वस्तू पुष्कळ दूर असेल तर प्रतिमेचा आकार म्हणजे वस्तूचा आकार गुणिले भिंगाचे नाभीय अंतर, भागिले वस्तूचे अंतर.

बारामतीच्या बाजारावर घिरट्या घालणारी घार घेऊ. तिच्या पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे १५० सें.मी. ती ३० मीटरवर असेल आणि भिंग ३०० मि.मी.चे असेल, तर प्रतिमा १५ मि.मी. येते. ३६ मि.मी. रुंद चौकटीत ती छान भरते. आता इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावर जाऊ. थंडीत अशा गवताळ माळांवर मध्य आशियातून भोवत्या पक्षी येतात. भोवत्याचे पंख सुमारे ११० सें.मी. पसरतात. १०० मीटरवरून त्याच भिंगाने त्याची प्रतिमा जेमतेम ३.३ मि.मी. येईल. घारीएवढी हवी असेल तर २२ मीटरवर जावे लागेल, आणि उघड्या माळावर चालत आलेल्या माणसाला तो एवढे जवळ येऊ देत नाही.

खरा प्रश्न येथे सुरू होतो. लांब नाभीय अंतराचे भिंग महाग, म्हणून माणसे पक्ष्याच्या मागे धावतात. दर वेळी उठवलेल्या पक्ष्याचा शिकारीचा वेळ जातो आणि परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबीही खर्च होते. त्यातून भोवत्या झाडावर झोपत नाही. संध्याकाळी बरेच पक्षी एका जागी गवतात उतरतात आणि जमिनीवरच रात्र काढतात. नेमक्या त्याच वेळी उन्हाचा रंग सुंदर असतो आणि जीपगाड्या गवतात शिरतात! सरकारी दप्तरात अशा माळाला पुष्कळदा 'पडीक' म्हटलेले असते, मग गाडी घालताना कोणाला काही वाटत नाही.

पक्षी माणसाच्या आकृतीला जितका बिचकतो तितका रस्त्यावर उभ्या गाडीला बिचकत नाही. म्हणून रस्ता सोडू नये, इंजिन बंद करावे, खिडकीवर धान्याची पिशवी ठेवून तिच्यावर भिंग टेकवावे आणि थांबावे. भोवत्या गवतावरून खालून उडत माळ विंचरत असतो, तो पुष्कळदा आपणच जवळून जातो. कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिरसुफळ येथे वनखात्याची गवताळ प्रदेशाची सफारी आहे, तिचा उपयोग करावा.

दिवस वर आला की जमीन तापते, तिच्यालगतच्या हवेची घनता सारखी बदलते, प्रकाशकिरण वाकतात आणि चित्र थरथरते. भारी भिंगाने ही थरथर उलट मोठी होते, तेव्हा सकाळच बरी. घारीच्या बाबतीत अडचण निराळी. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक उजळ आकाश मोजून चित्र गडद करतो आणि पक्षी काळा पडतो. एक ते दीड स्टॉप जास्त प्रकाश दिला की पंखांखालची पिसे दिसू लागतात. शटर मात्र १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद हवे.

घरट्याचे छायाचित्र काढूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. माळावरच्या झाडावर घरटे करणारा सापमार गरुड एका विणीत एकच अंडे घालतो. आपण खाली उभे राहिलो की मादी उठते आणि ते अंडे उन्हात उघडे पडते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या व्याख्येत तर पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हीसुद्धा 'शिकार'च आहे.

वर्गात हेच गणित उलटे करता येते. प्रतिमेचा आकार चौकटीच्या रुंदीशी ताडून मि.मी.मध्ये काढावा (ही रुंदी कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत असते), पक्ष्याचा आकार पुस्तकातून घ्यावा आणि अंतर काढावे. वहीत तारीख, वेळ, भिंग आणि अंतर लिहावे, आणि त्या अंतरावर पक्षी बसून राहिला की उडाला, हेही.