स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी

परवा दुपारी एक मुलगी आईला घेऊन सफाळ्याच्या आमच्या घरी आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, आत जपून ठेवलेला कागद. म्हणाली, "ताई, माझी सोडचिठ्ठी झालीय. आता दुसरं स्थळ आलंय. नाव बदलायला काय करायचं?"

कागद वाचला. नोटरीचा शिक्का, दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या आणि 'यापुढे आमचा एकमेकांशी काही संबंध राहणार नाही' हे वाक्य. त्याला पाच वर्षं झालेली. नवऱ्याने तेवढ्यावरच दुसरा संसारही थाटलेला.

"अगं, कायद्याने तू अजून त्याचीच बायको आहेस," मी म्हटलं. तिची आई माझ्याकडे बघतच राहिली. "वकिलाने करून दिलाय हो कागद! पैसे मोजलेत आम्ही."

मैत्रिणींनो, असे कागद माझ्याकडे बरेच येतात. हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्याप्रमाणे लग्न मोडतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने, स्टॅम्पपेपरने नाही. ज्या समाजात काडीमोडीची जुनी रूढी आहे, तिथे ती कायदा मानतो, पण वाद झाला तर रूढी सिद्ध करावी लागते. आपल्या वारली, मल्हार कोळी भगिनींना तर हा कायदा लागूच नाही, त्यांचं त्यांच्या रूढीप्रमाणे चालतं. बाकीच्यांनी मात्र अशा कागदावर दुसरं लग्न केलं, तर तो गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, बाईलासुद्धा.

मला अशा वेळी हमखास रखमाबाई आठवतात. लहानपणी लागलेलं लग्न त्यांनी नाकारलं. १८८७ साली न्यायालयाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. शेवटी १८८८ मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. न्यायालयातून घटस्फोट घ्यायची सोय तेव्हा हिंदू बाईला नव्हतीच! पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि आपल्याच रेल्वेलाइनवरच्या सुरतेत त्यांनी काम केलं. आपल्याला सोय आहे आणि आपण ती वापरत नाही.

ही सोय म्हणजे परस्पर संमतीचा घटस्फोट. तो १९७६ साली कायद्यात आला. दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असावेत. वेगळे म्हणजे नवरा-बायको म्हणून नाही. छप्पर एक असलं तरी चालतं. दोघांनी मिळून अर्ज करायचा. कुटुंब न्यायालय नसेल तिथे दिवाणी न्यायालयात. २००३ पासून बायको राहते तिथल्या न्यायालयातही जाता येतं, त्यामुळे माहेरी असलेल्या मुलीला सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी 'हो' म्हणायचं. दीड वर्षाहून जास्त वेगळे राहिलेले असाल, तडजोडीचे प्रयत्न फसलेले असतील आणि देणंघेणं, मुलांचा प्रश्न मिटलेला असेल, तर सहा महिन्यांची अट न्यायालय माफ करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तसं सांगितलं आहे.

खरी मेख या दुसऱ्या 'हो'त असते. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. बाईला हा आधारच आहे. दिराने, सासऱ्याने दटावून सही घेतली असेल, तर न्यायाधीशांसमोर तसं स्पष्ट सांगायचं. पण नवरा दुसऱ्या तारखेला आलाच नाही तर? म्हणून मी सांगते, पोटगीची एकरकमी रक्कम ठरली असेल तर काही भाग पहिल्या तारखेला घ्या, उरलेली दुसऱ्या तारखेला न्यायालयातच, डिमांड ड्राफ्टने. "नंतर देतो" यावर विसंबू नका.

अटी घाईत लिहू नका. आपल्या बायका इथेच फसतात. 'काही नको, फक्त सुटका हवी' म्हणतात. अगं, मंगळसूत्रापासून भांड्यांपर्यंत यादी कर! बोईसरच्या फ्लॅटच्या कर्जावर तुझी सही आहे का, तो हप्ता कोण भरणार? मुलं कुणाकडे, सुट्टीत कुठे, फी कुणाची? आई स्वतःची पोटगी सोडू शकते, मुलांच्या पोषणाचा हक्क तिला सोडता येत नाही. हे ठासून सांगते, कारण 'मुलासाठीही काही मागणार नाही' असं लिहिलेला कागद मी पाहिलाय.

खर्चाची भीती असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रीला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. आणि मारहाण होत असेल तर संमतीची बोलणी बाजूला ठेवून आधी संरक्षण अधिकाऱ्याला गाठा.

त्या मुलीचं म्हणाल, तर स्थळवाल्यांना तिने स्वतःच फोन करून खरं ते सांगितलं. ते थांबायला तयार आहेत. नवऱ्यालाही आता अर्ज हवाय, कारण त्याचंही दुसरं लग्न कायद्याने लग्न नाही. सोमवारी दोघं माझ्याकडे बसणार आहेत. लग्नपत्रिका, फोटो आणि दागिन्यांची यादी आणायला सांगितली आहे. आई विचारत होती, "त्या जुन्या कागदाचं काय करू?" म्हटलं, तोही आणा. केव्हापासून वेगळे राहताय, हे तरी त्यावरून दाखवता येईल.