वृद्धांची शुश्रूषा आणि निरोपाची शिस्त

औष्णिक वीजकेंद्राच्या आधाराने वसलेल्या ऊर्जानगरात पाळी बदलणे म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगावयास नको. जाणाऱ्याने यंत्राची स्थिती नोंदवहीत लिहावी, येणाऱ्याने ती वाचून शंका विचाराव्यात आणि मगच पहिल्याने जागा सोडावी. यंत्राविषयी बाळगावयाची ही दक्षता आपण आजारी वृद्धांविषयी बाळगतो काय?

२०२० साली आलेल्या कोरोनाच्या साथीत या प्रश्नाची धार जाणवली. विलगीकरण कक्षांत नातेवाइकांस मज्जाव होता. त्यामुळे एरवी रुग्णाची हकीकत सांगणारी मुलगी वा सून दाराबाहेरच राहिली. मुखपट्टीमुळे परिचारिकेचे ओठ दिसेनात व शब्दही पुसट होत. मग कमी ऐकू येणाऱ्या वृद्धाने काय समजून मान हलवावी? गडचिरोलीच्या वनभागात गोंडी वा माडिया बोलणाऱ्या आजीची व्यथा मराठीत सांगावयास तर दुभाषीच हवा.

शिवाय वृद्धांचा आजार फसवा असतो. पुष्कळदा ताप फारसा चढत नाही, दम लागल्याची तक्रारही नसते. रक्तातील प्राणवायू मात्र घटलेला असतो. कित्येकदा एकाएकी आलेला भ्रम हेच पहिले लक्षण ठरते. ‘आजोबा कालपर्यंत नीट बोलत होते, आज मुलाला ओळखत नाहीत,’ हे घरच्या माणसाखेरीज कोण सांगणार? हे वाक्य डॉक्टरांपर्यंत पोचले नाही, तर ‘वयोमानाने असे व्हायचेच’ या समजुतीखाली रोग झाकला जातो.

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम झाली. पथकांनी घरोघर जाऊन ताप व प्राणवायू मोजला, जुन्या विकारांची चौकशी केली. परंतु कोणतीही नोंद, पुढचा माणूस ती वाचील तरच कामाची.

मग निरोप द्यावा कसा? अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली एक रीत चार पायऱ्यांची आहे: काय घडले, पूर्वीची स्थिती काय, मला काय वाटते, आता काय करावे. आशाताईंनी दूरध्वनीवर एवढेच सांगावे: “आजी सकाळपासून भ्रमात आहेत. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. प्राणवायू ९० भरतो, लक्षण मला गंभीर वाटते. रुग्णवाहिका पाठवावी.” ऐकणाऱ्याने तेच पुन्हा म्हणून दाखवावे, म्हणजे चूक तेथल्या तेथे सापडते.

ती साथ ओसरली, पण चंद्रपूरचा उन्हाळा दरसाल येतो आणि उष्माघातातही वृद्धांना असाच भ्रम होतो. म्हणून चालू औषधे, जुने विकार, बोलीभाषा, चष्मा व श्रवणयंत्र आणि कळवावयाच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून ठेवावा. वृद्ध रुग्ण जेथे जाईल तेथे तो कागद त्याच्यासोबत जावा.