क्लाऊडवर टाकलंय ना, मग गेलं कसं?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल किंवा रेंज नसेल, तर हा घ्या लिखित एपिसोड. आजचा विषय क्लाऊड आणि धंदा. सुरुवात करतो माझ्या मामांपासून.

मामा वढू बुद्रुकचे. सणसवाडीच्या बाजूला त्यांचं छोटंसं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मी बीटेक झालो, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये लागलो, त्यामुळे घरातला कॉम्प्युटरवाला मीच. जूनमध्ये मामांचा फोन आला. एका गिऱ्हाईकाने पेमेंट अडवलं होतं, त्याला जुनी डिलिव्हरी चलनं हवी होती. आणि चलनांचा, ड्रॉइंगचा अख्खा फोल्डरच गायब!

"अरे, क्लाऊडवर टाकलंय ना सगळं, मग गेलं कसं?"

हा प्रश्न फक्त मामांचा नाही. क्लाऊडबद्दलचे बरेचसे गैरसमज याच एका वाक्यात आहेत. एकेक बघू.

गैरसमज १: क्लाऊडवर आहे म्हणजे बॅकअप आहे

झालं असं, की मार्चअखेरीला हिशोब बघणाऱ्या पोराने कॉम्प्युटरवर जागा करायला तो फोल्डर डिलीट केला. त्याला वाटलं, वर कॉपी आहेच. पण ती कॉपी नव्हती, सिंक होतं. सिंक म्हणजे आरसा. तुम्ही हात खाली केला की आरशातला हातही खाली. इथून फाईल उडाली, तशी तिथूनही उडाली. त्या सेवेची कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होत होती, आणि आम्हाला कळलं जूनमध्ये.

बॅकअप म्हणजे वेगळी ठेवलेली प्रत, जी मूळ फाईल उडाली तरी उडत नाही. एवढाच फरक, पण धंदा बुडवणारा.

गैरसमज २: डेटा सांभाळणं कंपनीचं काम

अर्धं खरं. गोडाऊन भाड्याने घेतलं की भिंती, छप्पर, वॉचमन मालकाचा. पण आत माल कसा लावला, किल्ली कोणाकोणाला दिली, ते तुमचं. क्लाऊडचंही तसंच. मशीन, वीज, इमारत कंपनी बघते. पासवर्ड, परवानग्या आणि बॅकअप बहुतेक वेळा तुमच्याकडेच असतात.

आणि छप्परही कधी जळतं बरं का. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएचक्लाऊड या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक अख्खी इमारत खाक झाली. ज्यांनी दुसरीकडे बॅकअप ठेवला होता ते पुन्हा उभे राहिले. ज्यांनी नव्हता ठेवला, त्यांतल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला.

गैरसमज ३: डेटा कुठेतरी हवेत, परदेशात जातो

क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतला भाड्याचा कॉम्प्युटर. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरचं 'सेंट्रल इंडिया' हे केंद्र २०१५ पासून चक्क आपल्या पुण्यात आहे! अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत केंद्र सुरू केलं, गूगलने २०१७ मध्ये. सर्व्हर भाड्याने घेताना कुठलं केंद्र हवं ते निवडता येतं. तयार अॅप वापरत असाल, तर डेटा कुठे ठेवता ते विक्रेत्याला आधीच विचारा.

गैरसमज ४: क्लाऊड म्हणजे स्वस्तच

फाल्गुन अमावस्येला, शंभूराजांच्या बलिदान दिनाला, वढूत हजारो लोक येतात. त्यासाठी कोणी मंडप विकत घेतं का? नाही, भाड्याने आणतो. पण तोच मंडप वर्षभर ठेवला, तर? भाड्याच्या पैशात पक्की शेड उभी राहील.

काम कमी-जास्त होत असेल तर क्लाऊड परवडतो. रोज तेवढंच काम असेल तर हिशोब मांडून बघा. ३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीने २०२२ मध्ये नेमका असाच हिशोब मांडला आणि क्लाऊड सोडून स्वतःचे सर्व्हर घ्यायचं ठरवलं. आणि काम संपल्यावर भाड्याचा सर्व्हर बंद करायला विसरलात, तर मीटर चालूच राहतो.

मग करायचं काय?

आम्ही आता ३-२-१ चा नियम लावलाय. डेटाच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या जागी. म्हणजे वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर एक, क्लाऊडवर एक, आणि दर शनिवारी हार्ड डिस्कवर एक. ती डिस्क कॉम्प्युटरला लावून ठेवायची नाही, वढूला घरी न्यायची. व्हायरस आला तरी तिच्यापर्यंत पोचत नाही.

प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन दिलं, दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. डिलीट करायची परवानगी फक्त मामांना. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाईल उघडून बघतो. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत.

जीएसटी नोंदणी असेल तर हे ऐच्छिक नाही. हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. "क्लाऊडवरून उडाली" हे उत्तर तिथे चालत नाही.

आता, मामांच्या पेमेंटचं काय झालं? मामी चलनबुकं रद्दीत घालत नाहीत. कार्बन लावलेल्या पिवळ्या प्रती पत्र्याच्या पेटीत होत्या. दोन रात्री बसून आम्ही त्या शोधल्या, फोटो काढून पाठवले, पैसे सुटले. ड्रॉइंग मात्र गेली ती गेलीच. मामा आजही जुन्या कामांची मापं साईटवर जाऊन नव्याने घेतात.

तर आज एक काम करा. तुमच्या घरच्या दुकानाचा, वर्कशॉपचा, डेअरीचा डेटा कुठे आहे ते विचारा. उत्तर नुसतं "क्लाऊडवर" आलं, तर पुढचा प्रश्न विचारा: "आणि दुसरी प्रत?"

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!