विदुषी आणि बंदिनी : श्रीमती लीला रॉय

स्त्रीला विद्या दिली कीं आपलें कर्तव्य संपलें, असें मानणारे पुष्कळ आहेत. आणि देशसेवा म्हणजे केवळ शस्त्र, असें समजणारेही थोडे नाहींत. बंगालच्या लीला रॉय (माहेरच्या नाग) यांचें चरित्र वाचलें म्हणजे हे दोन्ही पक्ष आम्हांस अपुरे वाटतात.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १९०० रोजीं आसामांतील गोआलपाडा येथें झाला. वडील गिरीशचंद्र सरकारी अधिकारी होते. १९२१ सालीं बेथ्यून कॉलेजांतून सुवर्णपदकासह बी. ए. झाल्यावर त्यांनीं नव्या ढाका विश्वविद्यालयांत प्रवेश मागितला. तेथें सहशिक्षणाची सोय नव्हती. परंतु कुलगुरु हार्टोग यांनीं खास अनुज्ञा दिली आणि १९२३ सालीं त्या एम. ए. झाल्या.

त्याच वर्षीं बारा सहकारिणींसह त्यांनीं ढाक्यास 'दीपाली संघ' स्थापिला. संघानें मुलींसाठीं शाळा काढल्या, स्त्रियांस हस्तोद्योग शिकविले आणि आत्मसंरक्षणाचेंही शिक्षण दिलें. अक्षरओळख झालेली मुलगी वाचूं लागते. वाचूं लागली कीं प्रश्न विचारूं लागते. १९३२ सालीं चितगांवच्या युरोपियन क्लबवर चाल करून जाणाऱ्या प्रीतिलता वड्डेदार ढाक्यास शिकत असतां ह्याच संघांत होत्या, हा कांहीं निव्वळ योगायोग नव्हे.

१९३१ सालीं लीलाबाईंनीं 'जयश्री' मासिक काढलें. त्यास रवींद्रनाथांचा आशीर्वाद होता. त्याच डिसेंबरांत सरकारनें त्यांस पकडलें. खटला नाहीं, आरोपाची शाबिती नाहीं. सुटका झाली ती १९३७ सालीं! १९३९ सालीं सहकारी अनिल रॉय यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. दोघेंही सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्यें होतीं. १९४२ ते १९४६ पुन्हां कारावास. सुटतांच नौखालीच्या दंगलींत सांपडलेल्या स्त्रियांच्या साहाय्यास त्या धांवल्या. घटनासमितीवर त्यांची निवड झाली होती. पण फाळणीच्या निषेधार्थ त्यांनीं तें पद सोडलें. पुढें कलकत्त्यास निर्वासित स्त्रियांची सेवा करीत त्या राहिल्या. ११ जून १९७० रोजीं त्यांचें देहावसान झालें.

विद्या दिल्यानें वाढते, असें आपण मुलांकडून पाठ करवून घेतों. लीलाबाईंनीं तें आचरिलें आणि त्यापायीं आयुष्याचीं सुमारें दहा वर्षें बंदिवासांत घातलीं. उद्यां आपल्याच घरची पदवीधर कन्या असें कांहीं व्रत घेऊं म्हणाली, तर घरांतील वडील मंडळी तिला काय उत्तर देतील? वाचकांनीं ह्याचा विचार आजच करून ठेवावा, एवढीच आमची विनंती.